ताराबाई शिंदेकृत 'स्त्रीपुरुषतुलना' : साहसी कोण?

इ. स. १८८२ मध्यें पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यांत एक लहानसा निबंध छापून निघाला. प्रती ५००, किंमत ९ आणे. कर्त्री वऱ्हाडांतील बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. 'स्त्रीपुरुषतुलना' हें निबंधाचें मुख्य नांव. आणि स्त्रिया व पुरुष यांत साहसी कोण हें स्पष्ट करून दाखविणें हा त्याचा हेतु नांवाच्या जोडीलाच नमूद केलेला. १८८५ मध्यें जोतीराव फुले यांनीं 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकांत ह्या निबंधाचा कैवार घेतला. त्यानंतर सुमारें नव्वद वर्षें मराठी वाङ्मयाच्या इतिहासकारांना त्याची आठवण झाल्याचें दिसत नाहीं. १९७५ मध्यें स. गं. मालशे यांनीं संपादून मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयातर्फे तो पुन्हा प्रसिद्ध केला, आणि १९९४ मध्यें रोझलिंड ओ'हॅन्लन यांचें संपूर्ण इंग्रजी भाषांतर निघाल्यावर परदेशांतील विद्यापीठांतूनही त्याचें अध्ययन होऊं लागलें.

तेव्हांपासून ह्या निबंधाचा गौरव पुष्कळ झाला आहे. भारतांतील स्त्रीवादी विचाराचा आद्य ग्रंथ म्हणून त्याचें नांव घेतलें जातें. गौरवास आमची हरकत नाहीं. परंतु गौरव करणें आणि ग्रंथ वाचणें ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, व पहिलीनें दुसरीची जागा घेतली कीं ग्रंथ दुसऱ्यांदा लुप्त होतो. ताराबाईंचा युक्तिवाद नेमका कोणता, तो कोठें टिकतो व कोठें थांबतो, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

निबंधाचें निमित्त प्रसिद्ध आहे. सुरतेजवळच्या ओलपाड येथील विजयालक्ष्मी नांवाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर आपल्या अनौरस अर्भकाचा वध केल्याबद्दल खटला झाला व १८८१ मध्यें तिला फांशीची शिक्षा सांगण्यांत आली. अपिलांत ती काळ्या पाण्यावर आली व पुढें आणखी सौम्य झाली. खटल्याच्या निमित्तानें वर्तमानपत्रांत जो गदारोळ उडाला त्यांत 'पुणेवैभव' पत्रानें त्या एका विधवेपुरतें न थांबतां एकंदर स्त्रीजातीच्या बिघडलेल्या चालीवर झोड उठविली. बुलढाण्यास डेप्युटी कमिशनरच्या कचेरींत नोकरीस असलेल्या बापूजी हरि शिंदे यांच्या घरांत तें लिखाण वाचलें गेलें, आणि त्यांच्या कन्येनें लेखणी उचलली. घर मराठ्याचें, चालीरीतीनें बांधलेलें. बाहेर वावरण्याची मुभा थोडी. वडील सत्यशोधक मताचे असल्यामुळें अक्षरओळख मात्र चांगली झालेली. ह्या एका निबंधाखेरीज ताराबाईंचें दुसरें पुस्तक आपल्या हातीं आलेलें नाहीं.

आतां मुख्य गोष्टीकडे वळूं. निबंधाच्या नांवांतील 'साहसी' हा शब्द वाचक सहसा ओलांडून जातात. आज साहस म्हटलें कीं एखादा गिर्यारोहक डोळ्यांपुढें उभा राहतो. ताराबाईंच्या कानांत हा शब्द तसा वाजत नव्हता, आणि जुन्या पोथ्या हाताळणाऱ्यांच्या कानांतही तो तसा वाजूं नये. धर्मशास्त्रांत साहस हें एक व्यवहारपद आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत, धन्याच्या समक्ष बळानें केलेलें कृत्य तें साहस आणि पाठीमागें केलेली ती चोरी, असा भेद सांगितला आहे. 'सहस्' म्हणजे बळ. त्यावरून हा शब्द. मनुष्यवध, परस्त्रीवर हात टाकणें, मारहाण हीं साहसाचीं ठरलेलीं उदाहरणें. दंडाच्या तीन पायऱ्यांनाही हेंच नांव आहे : प्रथम साहस २५० पण, मध्यम साहस ५०० पण, उत्तम साहस १,००० पण. सारांश, न्यायसभेंत साहस हें कृत्य आहे. त्याला कर्ता आहे, साक्षी आहेत, आणि पणांत मोजतां येईल असा शेवट आहे. हा कर्ता शास्त्रकारांच्या डोळ्यांपुढें बहुधा पुरुषच असे, कारण बळ वापरण्याची सोय त्यालाच होती.

तोच शब्द सुभाषितांत शिरला कीं त्याचें रूप पालटतें. चाणक्याच्या नांवावर चालणाऱ्या एका श्लोकांत स्त्रियांचे सात दोष सांगितले आहेत. साहस हा त्यांतला दुसरा, आणि सातही दोषांना कवीनें 'स्वभावज' असें विशेषण लावलें आहे. भर्तृहरीच्या शृंगारशतकांतही स्त्रीच्या दोषांची एक माळच ओवलेली असून संशय, अविनय, साहस, कपट हे तिच्यांतले कांहीं मणी होत. ही दुसरी माळ ताराबाईंनीं हातांत घेतली व एकेक मणी तपासला. येथें कोणावर काय आरोप आहे हें मुळीं महत्त्वाचें नाहीं. आरोपाची जात महत्त्वाची आहे. पुरुषाचें साहस हें त्याचें कृत्य. दंड भरला कीं तें फिटलें, दुसऱ्या दिवशीं तो बाजारांत हिंडावयास मोकळा. स्त्रीचें साहस हा तिचा स्वभाव. त्याला दंडाची पायरीच नाहीं, म्हणून तें कधींच फिटत नाहीं. कृत्याची शिक्षा एकटी भोगते, स्वभावाची शिक्षा सगळी जात भोगते.

सुरतेच्या प्रकरणांत नेमकें हेंच घडलें. विजयालक्ष्मीच्या हातून कृत्य घडलें होतें, आणि न्यायाधीशानें तें कृत्य म्हणूनच तोललें. पुण्याच्या पत्रानें त्याचा स्वभाव केला. ताराबाईंची सर्व शक्ति ही उलटी वाट चालण्यांत खर्च झाली आहे. स्वभाव म्हणून जें सांगितलें जातें तें पुन्हा कृत्याच्या रूपांत आणावयाचें, आणि मग त्या कृत्याला कारण कोण, हें विचारावयाचें. त्यांचा स्वर तिखट आहे, कोठें कोठें तर माजघरांतल्या भांडणासारखा आहे, हें खरें. परंतु त्या तिखटाखालीं जी विचाराची रीत आहे ती पंडिताला लाजविणारी आहे.

विधवेच्या संबंधानें ही रीत सर्वांत स्वच्छ दिसते. काल ज्या स्त्रीला हळदकुंकवाचा पहिला मान होता तिचाच आज सकाळीं अपशकुन होतो. तिच्या देहांत, बुद्धींत, शीलांत रात्रींत कांहीं पालट झालेला नाहीं. पालटलें आहे तें लोकांनीं तिच्यावर लावलेलें मोल. ताराबाई विचारतात, बायको मेल्यावर पुरुषानें दाढीमिशा उतरून, तोंड झांकून, अरण्यांत जाऊन कां राहूं नये? हा प्रश्न थट्टेचा वाटतो, व वाटावा अशाच बेतानें तो लिहिला आहे. परंतु वाचक हसला कीं सांपडला : विधुराचें क्षौर हास्यास्पद आणि विधवेचें मात्र धर्म्य, असें त्याला ज्यामुळें वाटलें तें शास्त्र नव्हे, संवय होय. भाषाही येथें साक्ष देते. 'विधुर' ही मराठींत शिवी नाहीं. विधवेला लावलेला जुना शब्द शिवी म्हणूनच आज जिवंत आहे.

मग ह्या मोलानें पुढें काय घडतें? पुनर्विवाहाची बंदी, बंदीमुळें एकाकीपणा, एकाकीपणांत कोणा पुरुषाचा, पुष्कळदां घरांतल्याच पुरुषाचा, शिरकाव, गर्भ राहिला कीं अब्रूचा धाक, आणि धाकानें अर्भकाचा प्राण. त्या पुरुषाचें नांव खटल्याच्या कागदावर येत नाहीं. १८५६ च्या पंधराव्या कायद्यानें विधवेच्या पुनर्विवाहाला मान्यता दिली होती हें खरें, पण त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमानें पुनर्विवाह करणारीचा मृत पतीच्या मिळकतीवरचा हक्क काढून घेतला. कायद्यानें दार उघडलें आणि उंबरठ्यावर जकात बसविली. पुण्यास फुले दांपत्यानें १८६३ मध्यें बालहत्याप्रतिबंधक गृह काढलें तें ह्याच साखळीची शेवटची कडी तोडण्यासाठीं. विधवेनें गुपचूप यावें, बाळंत व्हावें, आणि मूल जगावें. ताराबाईंनीं साखळीची पहिली कडी दाखविली. समाज ज्या कृत्याबद्दल स्त्रीला फांशी देतो तें कृत्य समाजानेंच तिच्या हातून घडवून आणलें आहे, आणि तिच्या स्वभावाचें जें प्रमाण म्हणून पुढें केलें जातें तें वस्तुतः समाजाच्या मूल्यांचें प्रमाण आहे, हा त्यांचा सिद्धान्त आम्हांस ह्या निबंधाचा गाभा वाटतो.

स्त्रीचा म्हणून जो स्वभाव सांगतात तो तिला घडविणाऱ्या परिस्थितीचें फळ आहे, हें जॉन स्टुअर्ट मिल्ल यांनीं १८६९ मध्यें स्त्रियांच्या दास्यावरील आपल्या ग्रंथांत मांडलें होतें. सिमोन द बोव्हार यांनीं १९४९ मध्यें तोच धागा दोन खंडांत विणला. तिघांना एका ओळींत बसवून ताराबाईंना मोठेपणा देण्याचा आमचा उद्देश नाहीं. फरक ध्यानांत घेण्याजोगा आहे तो असा कीं, मिल्ल तत्त्वापासून निघून उदाहरणाकडे येतात, आणि ताराबाई एका फांशीच्या शिक्षेपासून निघून तत्त्वाकडे जातात. त्यांच्या हातीं पुण्याचें एक वर्तमानपत्र होतें, आणि घरांत ऐकलेल्या कथापुराणांचा साठा होता. तेवढ्यावर त्यांचें काम भागलें.

येथवर स्तुति झाली. आतां जेथें आमचें मन भरत नाहीं तें सांगणें प्राप्त आहे. तुलना ही तराजूची क्रिया आहे, आणि तराजूला वजनें लागतात. ताराबाई दोन्ही पारडीं पुढें करतात. वजनें मात्र पुष्कळदां जुनींच वापरतात. पातिव्रत्य हें मूल्य त्या टाकून देत नाहींत. पति देवासारखा मानावयाचा तर त्यानें देवासारखें वागून दाखवावें, असें त्यांचें म्हणणें. सावित्री नवऱ्यासाठीं यमाच्या दारापर्यंत गेली. बायकोसाठीं तेथवर गेलेला एक तरी नवरा दाखवा, असें त्या विचारतात. प्रश्न बिनतोड आहे. पण त्यानें सावित्रीचें वजन कमी होत नाहीं, उलट तें पुरुषाच्या पारड्यांतही घातलें जातें. वारांगनांविषयीं लिहितांना तर त्यांचा हात पुणेवैभवकर्त्यांइतकाच कठोर होतो. कुलीन घरांतली विधवा परिस्थितीनें बिघडते हें ज्यांना इतकें स्पष्ट दिसलें, त्यांना बाजारांत बसलेल्या स्त्रीची परिस्थिति दिसूं नये, हें लागतें. तेथें स्वभावाची जुनी भाषा मागच्या दारानें परत येते. आद्य स्त्रीवादी म्हणून त्यांची स्तुति करणारे हीं पानें बहुधा भराभर उलटतात. आमच्या मतें तींच सावकाश वाचण्याजोगीं आहेत, कारण मोल लावणाऱ्या समाजाचें माप मोल नाकारणाऱ्याच्याही हातांत कसें राहून जातें हें तेथें उघड दिसतें.

मात्र ह्या दोषाचें माप काढतांना एक गोष्ट विसरतां कामा नये. त्याच १८८२ सालीं पुण्यांतच पंडिता रमाबाईंचें 'स्त्रीधर्मनीति' हें मराठी पुस्तक निघालें. तें स्त्रियांना उद्देशून लिहिलेलें आहे. स्वतःची सुधारणा कशी करावी, विद्या कशी मिळवावी, संसार कसा नेटका ठेवावा, असा त्याचा एकंदर सूर. रमाबाईंची विद्वत्ता ताराबाईंहून कितीतरी पटीनें अधिक, आणि १८८७ मध्यें उच्चवर्णीय हिंदु स्त्रीविषयीं त्यांनीं इंग्रजींत जें पुस्तक लिहिलें त्यांत त्या फार पुढें गेल्या. परंतु १८८२ च्या त्या पहिल्या पुस्तकांत उपदेश स्त्रियांना आहे. ताराबाईंनीं स्त्रियांना उपदेश केलाच नाहीं असें नाहीं. पण बोट पुरुषाकडे वळविलें. वजनें जुनीं असलीं तरी पारड्यांत पुरुषाला बसविणें ही गोष्ट नवी होती, आणि ती लोकांना किती खुपली तें फुल्यांना कैवार घ्यावा लागला ह्यावरूनच समजतें.

निबंधांतील आणखी एका स्थळाकडे ऐतिहासिकांनीं विशेष लक्ष पुरवावें. पुरुषांनीं पोशाख बदलला, खाणेंपिणें बदललें, साहेबी रीत उचलली, नोकरीसाठीं स्नानसंध्येला फांटा दिला. आणि धर्म रक्षण्याचा सगळा भार घरांतल्या बाईच्या डोक्यावर ठेवून ते मोकळे झाले, अशी त्यांची तक्रार आहे. आपण टाकलेल्या धर्माची झडती दुसऱ्याच्या घरांत, म्हणजे बायकोच्या पेटींत, घ्यावयाची असा हा प्रकार. बाहेरचें जग परकीयांच्या स्वाधीन झाल्यावर घर आणि घरांतली स्त्री हींच स्वत्वाचीं ठिकाणें मानलीं गेलीं, असें एकोणिसाव्या शतकाचें विवेचन पार्थ चटर्जी यांनीं १९८९ मध्यें बंगालच्या आधारें केलें व तें सर्वत्र गाजलें. बुलढाण्याच्या एका बाईनें तीच गोष्ट त्या शतकांत राहूनच, आणि पुष्कळ कमी शब्दांत, सांगितली होती. तिला विवेचनाचा आव आणावयाचा नव्हता. ती चिडली होती, इतकेंच. चिडलेल्या माणसाला पुष्कळदां अधिक दिसतें.

येथपर्यंत ग्रंथाची गोष्ट झाली. राहिली त्याच्या लोपाची, आणि ती आम्हां संग्राहकांची गोष्ट आहे. ५०० प्रती छापलेलें पुस्तक नव्वद वर्षें दृष्टीआड होतें तें वाळवीमुळेंच नव्हे. त्याच काळांतलीं पंचांगें, लावण्यांचीं चोपडीं, सावकारी खतें आपण जपलीं आहेत. काय जपावें हें ठरविणारी आपली एक मूल्यव्यवस्था आहे, आणि ती आपण तटस्थ समजतों. आमच्या दप्तरांत स्त्री सांपडत नाहीं असें कोणी म्हणूं नये. ती भरपूर सांपडते. पाट लावला म्हणून सरकारांत भरलेल्या पाटदामाच्या रकमेंत ती सांपडते, सिंदळकीच्या गुन्हेगारींत सांपडते, कुणबिणी व बटकी यांच्या खरेदीविक्रींत किंमतीसह सांपडते. म्हणजे जेथें तिच्यावर मोल लागलें तेथें ती नोंदली गेली, आणि जेथें तिनें मोल लावणाऱ्याला प्रश्न विचारला तो कागद मात्र किरकोळांत गेला. पेशवे दप्तरांतून निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ ह्या काळांत गो. स. सरदेसाई यांच्या संपादकत्वाखालीं निघाले. त्या कामाचें ऋण आपणां सर्वांवर आहे. तथापि निवड ह्या शब्दांतच तराजू आहे, हें ह्या निबंधाच्या वाचकाला तरी निराळें सांगावयास नको.

कांहीं वर्षांपूर्वीं प्रस्तुत लेखक एका खासगी संग्रहाची याद करीत होता. मोडी रुमाल संपले आणि खालीं एक फडक्यांत बांधलेलें गांठोडें निघालें. त्यावर मूळ मालकाच्या हातची चिठी होती : 'बायकी, किरकोळ.' आंत ओव्यांच्या वह्या, दोन व्रतकथा, एका विधवेनें दिरांकडे पोटगीबद्दल लिहिलेल्या पत्राचा मसुदा, आणि मुखपृष्ठ गेलेलीं दोन छापील पुस्तकें होतीं. मालकाचे वंशज तें गांठोडें रद्दींत घालण्याच्या बेतांत होते, आणि खरें सांगावयाचें तर त्या दिवशीं उशीर झाल्यामुळें प्रस्तुत लेखकानेंही यादींत 'किरकोळ' हाच शेरा उतरून घेतला व पुढचा रुमाल सोडला. महिन्यानें परत गेलों तेव्हां गांठोडें नव्हतें. त्या पत्राचा मसुदा वाचून ठेवला असता तर तो काय सांगता हें आतां कळण्याची सोय राहिलेली नाहीं.

'स्त्रीपुरुषतुलने'च्या अभ्यासाला अजून एक कागद हवा आहे. ताराबाईंनीं ज्याला उत्तर दिलें तें लिखाण मूळ स्वरूपांत, त्याच्या मागच्यापुढच्या पत्रव्यवहारासह, निबंधाशेजारीं ठेवून वाचलें पाहिजे. त्यावांचून कोणता शब्द त्यांचा आणि कोणता त्यांनीं प्रतिपक्षाच्या तोंडचा उचलून परतविला, ह्याचा निकाल पक्का होत नाहीं. 'साहस' हा शब्द त्यांनीं सुभाषितांतूनच उचलला कीं पुणेवैभवानें तो आधीं वापरला होता, हा मुद्दा त्यावरच अवलंबून आहे. १८८१ च्या उन्हाळ्यापासून १८८२ अखेरपर्यंतचे 'पुणेवैभवा'चे, आणि सुरतेच्या खटल्यावर लिहिणाऱ्या इतर मराठी वा गुजराती पत्रांचे सुटे अंक ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं तारीख, पृष्ठें व कागदाची अवस्था एवढें कळविण्याची कृपा करावी. अंक फाटका असला तरी चालेल. फडक्यांत बांधलेलें एखादें गांठोडें असल्यास तें आधीं सोडून पाहावें.